१८ नोव्हेंबर : ज्युनियर पार्कर यांचे निधन

१८ नोव्हेंबर १९७१ रोजी शिकागोजवळच्या ब्लू आयलंड येथे ब्लूज गायक आणि माउथ ऑर्गनवादक ज्युनियर पार्कर यांचे मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रियेदरम्यान निधन झाले.

‘मिस्ट्री ट्रेन’ हे गाणे जग एल्विस प्रेस्लीचे म्हणून ओळखते. ते मुळात पार्कर यांचे. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्ससाठी त्यांनी ते १९५३ मध्ये गायले. एल्विसची तबकडी आली १९५५ मध्ये. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. एल्विसची गाडी भरधाव सुटते, पार्कर यांची जड चाकांनी पुढे सरकते आणि विरह सोबत घेऊन जाते. ब्लूजमध्ये खरखरीत, फाटक्या आवाजाचा मोठा मान. पार्कर मात्र मखमली गळ्याने, आवाज न चढवता गायले. दुःख सांगायला ओरडावे लागत नाही, हे त्यांच्याइतके फार थोड्यांनी दाखवले. अखेरच्या काळात त्यांनी बीटल्सचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ जवळजवळ कुजबुजत गायले. ते आजही थक्क करते. एल्विसच्या प्रसिद्धीत हा गळा झाकला गेला, हे खरोखर अन्यायाचे झाले. गायकांना मात्र त्याचे मोल ठाऊक होते : १९७४ मध्ये अल ग्रीन यांनी ‘टेक मी टू द रिव्हर’च्या आरंभीच ते गाणे पार्कर यांना अर्पण केले.