गोळी की संगोपन? १९३७ मध्ये सुरू झालेल्या दोन वाटा

रायपूरमधील एखाद्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा न्याहारीनंतर एक गोळी घेतो. शाळेतून येणाऱ्या तक्रारी कमी होतात; आई-वडिलांच्या मनात मात्र एक प्रश्न सलत राहतो. वर्तनासाठी मुलाला औषध द्यावे लागते, म्हणजे आपलेच काही चुकले का? वैद्यकशास्त्राला हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपासून परिचित आहे.

१९०२ मध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये तीन व्याख्याने दिली. बुद्धी सामान्य असूनही ज्यांचे लक्ष टिकत नाही, ज्यांना आवेग आवरत नाही आणि ज्यांच्यावर शिक्षेचा परिणाम होत नाही, अशा मुलांची वर्णने त्यांत होती. स्टिल यांनी या अवस्थेला ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ म्हटले. शब्द कठोर होते. परंतु चांगले संगोपन लाभलेल्या मुलांतही ती आढळते, हे त्यांच्या नजरेतून सुटले नाही. आज ज्याला ‘एडीएचडी’, म्हणजे अवधान-अभाव व अतिचंचलता विकार म्हणतात, त्याच्या आरंभीच्या नोंदींत या व्याख्यानांची गणना होते.

औषधाचा शोध अपघाताने लागला. मेंदूज्वराने कायमचे अपंगत्व आलेल्या एमा ब्रॅडली या मुलीच्या आई-वडिलांनी आपली संपत्ती मुलांच्या रुग्णालयासाठी ठेवली आणि १९३१ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ते रुग्णालय उभे राहिले. तेथील डॉ. चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूच्या क्ष-किरण तपासणीसाठी मणक्यातील द्रव काढत. त्यानंतर उठणारी तीव्र डोकेदुखी शमावी म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक देऊन पाहिले. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण काही मुलांची अभ्यासातील प्रगती पाहून शिक्षक चकित झाले. मग ब्रॅडली यांनी ३० मुलांना आठवडाभर हे औषध दिले. त्यांपैकी १४ मुलांच्या शालेय कामात ठळक सुधारणा दिसली. मुले त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणू लागली. हे निरीक्षण १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी मुंबईत दुसरी वाट सुरू झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, हिने बाल मार्गदर्शन केंद्र उघडले. अशा केंद्रात मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता मिळून मुलाचा विचार करीत. मुलाबरोबरच त्याचे घर आणि शाळाही समजून घेतली जात असे.

पहिल्या वाटेवर पुढे १९४४ मध्ये बाझेल येथील सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी मिथाइलफेनिडेट तयार केले. पत्नी रीटा हिच्या नावावरून त्याला ‘रिटालिन’ हे नाव मिळाले. हे औषध मेंदूतील चेतापेशींमध्ये डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन यांची उपलब्धता वाढवते. त्यामुळे लक्ष टिकवणे आणि आवेग रोखणे सोपे होते. भूक मंदावणे, झोप कमी होणे आणि उंचीची वाढ किंचित घटणे, हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत.

या दोन वाटांची मोठी तुलना १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर चौदा महिने उपचार करण्यात आले. मूळ लक्षणे कमी करण्यात काटेकोरपणे दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा प्रभावी ठरले. दोन्ही एकत्र दिले, तेव्हा औषधाची कमी मात्रा पुरली. पुढील वर्षीच्या विश्लेषणातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली : एकत्रित उपचार मिळालेल्यांपैकी ज्या घरांत रागावणे आणि विसंगत शिस्त कमी झाली, तेथील मुलांचे शाळेतील वर्तन सर्वाधिक सुधारले. मात्र तीन वर्षांनंतर गटांमधील फरक पुसट झाले. लहानपणी घेतलेल्या उपचारांवर किशोरवय निभावत नाही, असे त्यातून दिसले.

रायपूरला ही साधने टप्प्याटप्प्याने मिळाली. मध्य प्रांताच्या काळात राजधानी नागपूरला १८६४ मध्ये मनोरुग्णालय उभे राहिले. रायपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चे, तर तेथील एम्स २०१२ ची. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. भारतात मिथाइलफेनिडेट ‘शेड्यूल एक्स’मध्ये मोडते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लिहिली जाते आणि तिची एक प्रत दुकानात दोन वर्षे जपावी लागते. गैरवापराच्या शक्यतेमुळे घातलेले हे बंधन आहे. त्याच कारणाने गोळ्या घरातही मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवणे इष्ट ठरते.

गोळी बंद करण्याचा हट्ट पंधराव्या वर्षी होणे स्वाभाविकच. तो मोडून काढण्याऐवजी मुलाला डॉक्टरांसमोर आपली बाजू मांडू देणे आणि मात्रेतील बदल त्यांच्याच सल्ल्याने करणे अधिक हिताचे. स्टिल यांच्या काळापासून मिळत आलेले उत्तर आई-वडिलांच्या मनावरील ओझे उतरवणारे आहे आणि त्यांना जबाबदारी देणारेही आहे. विकार त्यांच्या चुकीतून जन्मत नाही. पण गोळीने मिळवून दिलेल्या शांत तासांत मूल काय शिकते, हे बऱ्याच अंशी घरच ठरवते.