पडद्यावरची वाट कोणाकोणाला सापडते?

दिव्याहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण स्थानकातून सुटली, की पुढे कासू, नागोठणे, निडी आणि शेवटी रोहा अशी स्थानके येतात. तेथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते. खिडकीबाहेर काहीच न दिसणाऱ्या प्रवाशालाही ही वाट चुकत नाही. नावांचा क्रम ठाऊक असला आणि प्रत्येक स्थानकाचे नाव कानावर पडले, की झाले. हीच वाट आपण नकाशावर एका रेघेने दाखवू शकतो. रेघ आणि नावांची यादी, दोन्ही वाट सांगतात. फरक इतकाच, की रेघ फक्त डोळ्यांना वाचता येते.

हा फरक क्षुल्लक वाटेल. पण संगणकावरील खेळांच्या गेल्या पन्नास वर्षांच्या इतिहासात कोणाला खेळता आले आणि कोणाला बाहेर बसावे लागले, हे बरेचसे याच फरकाने ठरवले आहे.

गुहेतून निघालेला खेळ

विल क्रॉदर हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ गुहांत भटकणारा होता. केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या मोजणीत त्याने भाग घेतला होता. १९७५-७६च्या सुमारास त्याने आपल्या मुलींसाठी 'अ‍ॅडव्हेंचर' नावाचा खेळ लिहिला. त्यात एकही चित्र नव्हते. आपण कोठे उभे आहोत, याचे वर्णन पडद्यावर उमटे. खेळणाऱ्याने 'उत्तर', 'पूर्व', 'खाली' अशी आज्ञा टंकायची, की पुढच्या जागेचे वर्णन येई. १९७७ मध्ये डॉन वुड्स याने त्यात भर घातली.

१९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी याच पद्धतीचा, पण अनेकांनी एकाच वेळी खेळायचा 'मड' हा खेळ तयार केला. आजच्या ऑनलाइन बहुखेळाडू खेळांचा हा पूर्वज. अशा खेळाचे जग म्हणजे एकमेकांना जोडलेल्या जागांची यादीच. आपल्या रेल्वेमार्गाचे वर्णन त्यात असे आले असते : 'तुम्ही पेण येथे आहात. उत्तरेला हमरापूर, दक्षिणेला कासू. पश्चिमेला थळच्या खत कारखान्याकडे जाणारा मालगाड्यांचा फाटा.' गणितात अशा रचनेला 'आलेख सिद्धांता'तील आलेख म्हणतात : बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा.

या रचनेचा एक फायदा तिच्या कर्त्यांच्या बहुधा मनातही नव्हता. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने आली, तेव्हा हे शब्दांचे खेळ दृष्टिहीनांना जवळजवळ जसेच्या तसे खेळता येऊ लागले. दोन दृष्टिहीन प्रोग्रामरांनी २००६ साली ऑस्ट्रेलियात 'एनव्हीडीए' हा मोफत पडदावाचक सुरू केला. तो आज मराठी मजकूरही वाचतो.

दोन पट, एक डाव

संगणकाच्या आधीपासून हाच प्रश्न एका जुन्या खेळाने सोडवला होता. दृष्टिहीनांच्या बुद्धिबळाच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात. प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याखाली खुंटी असते, म्हणजे चाचपताना मोहरे पडत नाहीत. एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीसारखा उंचवटा असतो, त्यावरून आपले मोहरे कोणते आणि समोरच्याचे कोणते हे बोटांना कळते. प्रत्येक खेळाडू आपला वेगळा पट घेऊन बसू शकतो. खेळी मोठ्याने सांगायची, प्रतिस्पर्ध्याने ती पुन्हा उच्चारून आपल्या पटावर करायची. उच्चारात घोटाळा नको म्हणून उभ्या पट्ट्यांना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे दिलेली आहेत.

नियमही विचारपूर्वक बदललेला आहे. एरवी खेळताना हात लावलेले मोहरे हलवावेच लागते. येथे मोहरे भोकातून उचलले, तरच ते 'हात लावलेले' मानतात, कारण चाचपणे हेच या खेळाडूचे पाहणे आहे. खेळ सोपा केलेला नाही. फक्त पटाची माहिती मिळण्याचा मार्ग बदलला आहे.

मुंबईचे चारुदत्त जाधव हे स्वतः दृष्टिहीन बुद्धिबळपटू. अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. 'टॉक-६४' हा बोलणारा बुद्धिबळाचा प्रोग्रामही त्यांनी तयार केला. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई पॅरा स्पर्धांत दर्पण इनानी यांनी दृष्टिहीनांच्या गटात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले.

चित्र आले, दार मिटले

संगणकावरील खेळांत मात्र चित्र हळूहळू वरचढ ठरले. १९८० च्या 'रॅली-एक्स' या जपानी खेळात पडद्याच्या कडेला छोटा नकाशा होता. 'अल्टिमा ऑनलाइन' (१९९७), 'एव्हरक्वेस्ट' (१९९९), 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' (२००४) या खेळांनी हजारो माणसांना एकाच चित्रमय जगात आणले. कोपऱ्यातील नकाशा, बाण, रंगीत ठिपके ही वाट दाखवणारी साधने झाली. डोळस खेळाडूंची मोठी सोय झाली. पडदावाचकाच्या लेखी मात्र ते चित्र म्हणजे अर्थहीन रंगबिंदूंचा ढीग. ज्यांना लाल-हिरवा भेद कळत नाही, त्यांना शत्रूचा लाल ठिपका आणि मित्राचा हिरवा ठिपका सारखाच. मडमध्ये खेळू शकणारी माणसे नव्या खेळांच्या दाराबाहेर राहिली.

दार पुन्हा किलकिले

परतीचा प्रवास अलीकडचा आहे. अमेरिकेतील २०१० च्या एका कायद्यानुसार खेळांतील संभाषणाच्या सोयी अपंगांना वापरता याव्यात असे ठरले. खेळांना दिलेली सवलत २०१८ अखेर संपली. त्याच वर्षी 'फोर्टनाइट'मध्ये पावलांचा वा गोळीबाराचा आवाज कोणत्या दिशेने आला, हे चित्रखुणांनी दाखवण्याची सोय आली. बहिऱ्या खेळाडूला त्यामुळे आवाज 'दिसू' लागला. २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस : भाग दोन' हा एकट्याने खेळायचा खेळ. त्यात एक कळ दाबली, की पात्राचे तोंड योग्य वाटेकडे वळते. २०२३ मधील 'स्ट्रीट फायटर ६' या द्वंद्वाच्या खेळात प्रतिस्पर्धी किती अंतरावर आहे, हे आवाजावरून कळते.

आवाजावरून दिशा कशी कळते? आपल्या दोन कानांत सुमारे वीत भर अंतर आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जास्तीत जास्त ०.६ मिलिसेकंद उशिरा आणि थोडा क्षीण ऐकू येतो. मेंदू एवढ्यावरून बाजू ओळखतो. मात्र नेमका समोरचा आणि नेमका मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोचतो, त्यामुळे फसगत होते. म्हणूनच केवळ आवाज पुरत नाही. तोंड वळवणाऱ्या कळीसारखी जोड लागते.

कोणी विचारील, मदत घेऊन खेळणे म्हणजे लबाडी नाही का? अनेकांच्या खेळात हा प्रश्न रास्त आहे. उत्तर बुद्धिबळाच्या पटावर मिळते. डोळसाला आधीच दिसत असलेली माहिती दुसऱ्या इंद्रियाला देणे, ही मदत. त्याच्या वतीने खेळी करणे, ही लबाडी. ही सीमारेषा प्रत्येक खेळात नव्याने आखावी लागते.

वर्गातील फळा

आपल्या वर्गातही हाच प्रश्न आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचा हक्क दिला. पण फळ्यावर बोट ठेवून आपण 'हे असे येथून इकडे जाते' म्हणतो, तेव्हा ते वाक्य न दिसणाऱ्या मुलासाठी रिकामेच असते. 'अंबा नदी नागोठण्याजवळून वाहत धरमतरच्या खाडीला मिळते' हे वाक्य मात्र सर्वांना मिळते, डोळस मुलांनाही.

एक प्रयोग करून पाहावा. आपल्या गावाची दहा ठिकाणे निवडावीत. प्रत्येकाच्या चार दिशांना काय आहे, हे मुलांनी एकेका चिठ्ठीवर लिहावे. एका मुलाने डोळे मिटून 'उत्तर', 'पूर्व' अशा आज्ञा द्याव्यात. दुसऱ्याने चिठ्ठी वाचावी. शाळेपासून स्थानकापर्यंत वाट सापडते का? जेथे मूल अडेल, तेथे आपले वर्णन अपुरे आहे असे समजावे आणि चिठ्ठी दुरुस्त करावी.