रुदरफोर्डचे अणुप्रारूप आणि त्यातील उणिवा

बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्ट खडकात घडले आहे. अर्नेस्ट रुदरफोर्ड यांनी १९११ साली मांडलेले अणूचे प्रारूप तंतोतंत खरे मानले, तर त्या खडकातील एकही अणू सेकंदाच्या अब्जांश भागाइतकाही टिकावयास नको होता.

मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी १९०९ मध्ये धातूच्या पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण पार गेले. सुमारे आठ हजारांत एखादा मात्र मागे फिरला. जे. जे. थॉमसन यांच्या प्रारूपात धनप्रभार अणुभर पसरलेला असल्याने असे घडणे अशक्यप्राय होते. म्हणून रुदरफोर्ड यांनी धनप्रभार व बहुतेक सर्व वस्तुमान अतिसूक्ष्म केंद्रकात असून इलेक्ट्रॉन त्याभोवती असतात, असे प्रतिपादन केले.

अडचण इथेच उद्भवते. वर्तुळाकार फिरणाऱ्या वस्तूला सतत त्वरण असते आणि त्वरण असलेला विद्युतप्रभारित कण प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो, असे अभिजात विद्युतचुंबकीय सिद्धान्त सांगतो. साहजिकच इलेक्ट्रॉनची कक्षा आक्रसत जाऊन तो केंद्रकात कोसळेल. हायड्रोजनच्या बाबतीत हा अवधी सेकंदाच्या सुमारे शंभर अब्जाव्या भागाएवढा येतो. सूर्यमालेचा दाखला येथे उपयोगी पडत नाही, कारण ग्रह विद्युतप्रभारित नसतात. रुदरफोर्ड यांना या प्रश्नाची जाणीव होती. स्थैर्याचा विचार तूर्त आवश्यक नाही, असे त्यांनी आपल्या निबंधातच नमूद केले होते.

कोसळणाऱ्या इलेक्ट्रॉनने सलग वर्णपट द्यावयास हवा. प्रत्यक्षात हायड्रोजनच्या वर्णपटात ठरावीक रेषाच दिसतात. बामर यांनी १८८५ मध्येच त्यांचे सूत्र दिले होते. इलेक्ट्रॉनांची रचना कशी असते, यावरही हे प्रारूप मौन बाळगते. नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठरावीक कक्षा गृहीत धरून हायड्रोजनचे कोडे सोडविले, पण दोनच इलेक्ट्रॉन असलेल्या हेलियमपुढे त्यांचेही प्रारूप अडले. समाधानकारक उत्तर १९२५-२६ च्या पुंजयामिकीतून मिळाले.

केंद्रकाची कल्पना मात्र अबाधित राहिली. लोणारच्या आघाताचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जात असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेले. हे मापन पोटॅशियमच्या केंद्रकाचे आर्गॉनमध्ये रूपांतर होण्याच्या गतीवर आधारलेले आहे.