छापणाऱ्याची जबाबदारी

वाचकांच्या पत्रांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात गोपाळ हरि देशमुखांची शतपत्रे ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्याचे नाव झाकलेले होते. छापणारा मात्र उजेडात होता.

या उजेडाची किंमत आपल्या शेजारच्या कोल्हापूर प्रकरणात मोजावी लागली. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी ज्या पत्रांच्या आधारे लिहिले, ती न्यायालयात बनावट ठरली. ती पत्रे टिळक-आगरकरांनी लिहिली नव्हती. त्यांवर विश्वास ठेवला होता. तरीही १८८२ च्या जुलैत दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले.

पुढे वृत्तपत्रे संगणकावर आली आणि जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. एस्टोनियातील ‘डेल्फी’ या बातमीस्थळाने २४ जानेवारी २००६ रोजी एका फेरीबोट कंपनीविषयी वृत्त दिले. त्याखाली वाचकांचे १८५ अभिप्राय जमले. त्यांत सुमारे २० धमक्यांचे व शिवीगाळीचे होते. अश्लील शब्द गाळणारी यंत्रणा होती, तक्रारीची सोयही होती. तरी तो मजकूर सहा आठवडे तसाच राहिला. नुकसानभरपाई ठरली अवघी ३२० युरोंची, पण वाद युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. १६ जून २०१५ रोजी त्या न्यायालयाने स्थळचालकालाच जबाबदार धरणारा निर्णय उचलून धरला.

अभिप्राय निवडण्याचे काम सोपे नाही. २०१७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये १४ जणांचा चमू रोज सुमारे ११,००० अभिप्राय तपासत असे. त्यामुळे थोड्याच लेखांखाली अभिप्रायांना मुभा देता येई. मग यंत्राची मदत घेण्यात आली. तेथे संपादकांनी निवडलेले अभिप्राय वेगळे आणि वाचकांची अधिक पसंती मिळालेले वेगळे दाखविले जात. हा भेद मोलाचा आहे. बहुतांना आवडलेले सारेच विचारपूर्वक लिहिलेले असते, असे नाही.

आपण दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणारी माणसे. एका भाषेतली अर्धवट अफवा दुसऱ्या भाषेत जाईपर्यंत पुरी होते, आणि आळीतले जुने शेजारी एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. आज प्रत्येकाच्या हाती जणू छापखाना आहे. म्हणून दुसऱ्याचे लिहिणे पुढे पाठविताना डोंगरीचे ते १०१ दिवस आठवावेत. ‘मी लिहिले नाही, फक्त पुढे दिले’ हा बचाव तेव्हाही पुरेसा ठरला नव्हता.