पळीला लागलेले

माझ्या लहानपणी निमगाव सावाला एका लग्नात प्रथमच फ्रूट सॅलड झाले. बायकांची पंगत बसेपर्यंत पातेले रिकामे! पळीला लागलेले चाखून आजी म्हणाली, ‘अगोबाई, हे तर शिकरणच!’

ती फारशी चुकली नव्हती. दही-साखरेची शिखरिणी बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त आढळते. नवा होता तो गारवा आणि कस्टर्डचा दाटपणा. १८३४ मध्ये अमेरिकेहून जहाजाने मुंबईस बर्फ आला. १८३७ मध्ये आल्फ्रेड बर्ड या इंग्रजाने बिनअंड्याचे कस्टर्ड केले. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत. तिच्या पथ्यामुळे ते आमच्या शाकाहारी पंगतीलाही चालले; आजीच्या पानापर्यंत मात्र पोहोचले नाही.

यंदा भाऊबीजेला आमच्याकडे पहिली वाटी बायकांची!