शिल्लक रुपया एक

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. तेव्हा ‘सी’ या संगणकाच्या भाषेशी माझा संबंध न येणे हेच उभयपक्षी बरे. पण कन्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली आणि वीस वर्षांपूर्वी संध्याकाळच्या क्लासात गिरवलेली ‘सी’ एकदम माझ्या अंगात आली. म्हटले, दाखवू या पोरीला बापाचे पाणी!

गणित अगदी बालवाडीचे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत विंडोजवाली यंत्रे चार, लिनक्सवाली सहा, बेरीज करा. मी एका खणाला ‘विंडोज’ नाव दिले, दुसऱ्याला ‘लिनक्स’. पहिले कंपायलरने निमूट घेतले. दुसऱ्यावर अडून बसला. म्हणे, आकड्याच्या आधी नाव पाहिजे. अहो, हेच नाव आहे! पण काउंटरपलीकडच्याचे ऐकायचे नसते, हे त्यालाही आमच्याइतकेच ठाऊक.

“बाबा, लिनक्सवर ‘लिनक्स’ म्हणजे एक,” कन्या म्हणाली.

म्हणजे आपण खाते उघडायला जावे, तर आपल्या नावाचे खाते आधीच उघडलेले, आणि शिल्लक रुपया एक! ‘युनिक्स’ या नावाचीही तीच तऱ्हा. आपण लिहिलेला शब्द खोडून तिथे १ घातला जातो आणि मगच खरे काम सुरू होते.

हा घोळ जुना आहे. युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मली. १९७३ साली ती ‘सी’त नव्याने लिहिली गेली आणि पुढे बिऱ्हाड पाठीवर घेऊन या यंत्रावरून त्या यंत्रावर फिरू लागली. एकच प्रोग्रॅम चार ठिकाणी चालवायचा, तर आपण सध्या कुठे उतरलो आहोत हे त्याला कळायला नको? म्हणून कंपायलरच कानात सांगू लागला: हे युनिक्स, हे व्हॅक्स, हे सन. सोय उत्तम, पण नावे ठेवली ती अगदी रोजच्या वापरातली. सन कंपनीच्या यंत्रावर कुणी इंग्रजी वारांची यादी ‘सन, मन, ट्यू’ अशी लिहायला घेतली, की पहिल्याच वाराला अपघात. रविवारच नामंजूर! आमच्या बँकेत हे घडते तर संप झाला असता.

१९८७ साली दुर्बोध ‘सी’ लिहिण्याच्या स्पर्धेत (हो, अशी स्पर्धा असते, आमच्या परिपत्रकांना तिथे प्रवेश नाही, एवढेच) बेल प्रयोगशाळेच्याच डेव्हिड कॉर्न यांनी एका ओळीचा प्रोग्रॅम धाडला. तो पडद्यावर ‘युनिक्स’ हा शब्द उमटवतो. पण ओळीत ‘युनिक्स’ येते ते शब्द म्हणून नव्हे, एक हा आकडा म्हणून! या एकाच्या जोरावर ‘एफ-यू-एन’मधला एफ उडतो, उरलेल्या ‘यू-एन’ला ‘आय-एक्स’ जोडले जाते आणि झाले. बक्षीस मिळाले. जिथे ‘युनिक्स’ आधी ठरलेले नाही, तिथे मात्र ही ओळ कंपायलर घेतच नाही.

१९८९ साली अमेरिकन मानक आले. कंपायलरने आपल्या खासगी नावांना पुढे दोन अंडरस्कोअर किंवा एक अंडरस्कोअर आणि मोठे अक्षर लावावे, बाकीची नावे गिऱ्हाइकाची, असे ठरले. कंपायलरवाल्यांनी नव्या पद्धतीची नावे घेतली, पण जुने प्रोग्रॅम बंद पडतील म्हणून जुनीही ठेवली. जीसीसी या कंपायलरला ‘काटेकोर मानक पाळ’ असे बजावले तरच तो ती सोडतो.

आणि गंमत अशी की हा जीसीसी ज्या ग्नू प्रकल्पाचा, त्याच्या १९८३ सालच्या नावाचा अर्थच मुळी ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’! तोच लिनक्सवर बसून शपथेवर सांगतो, युनिक्स बरोबर एक. उलट ॲपलच्या मॅकला २००७ साली युनिक्स असल्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळाले. तिथला कंपायलर युनिक्सचे नावही काढत नाही. चौसष्ट बिटी विंडोजवरचा तर अजून स्वतःला ‘विन ३२’ म्हणवतो. वय चोरायचे ते किती, निम्मे?

एवढा इतिहास ऐकवून होईपर्यंत कन्येने माझ्या ‘लिनक्स’मधला पहिला एल मोठा केला होता. लहान-मोठे अक्षर या भाषेला वेगळे. प्रोग्रॅम चालला. उत्तर आले दहा.

मी बोटांवर मोजून खात्री करून घेतली.