भाकरीच्या फडक्यातला निरोप
हैदराबाद मुक्तिसंग्रामात 1947-48 साली नांदेड-लातूरकडचे तरुण घर सोडत ते बहुधा गुपचूप. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील; मुलगा गेल्याचा सुगावा लागला की जाच घरच्यांना. म्हणून दारात औक्षण नाही, वेशीपर्यंत सोबत नाही. आईने फडक्यात बांधून दिलेली ज्वारीची भाकरी हाच निरोप, आणि तो फार जड निरोप होता. परतण्याची खात्री कुणाला नसे: लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे 29 ऑक्टोबर 1946 रोजी बिलोलीजवळच्या अर्जापूरला मारले गेले होते. नांदेडचे सैनिक पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या छावणीत जमत. उदगीरकडच्यांना हत्तीबेटाचा आसरा होता. 30 जानेवारी 1948 ला मुक्तिसैनिकांनी उमरीची बँक लुटली. बहुतेकांना घरचा उंबरठा दिसला तो हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर, 17 सप्टेंबर 1948 नंतरच.